राघू आपल्या घरी कसा आला?



गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही गटातल्या पाच जणी पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमात मदतीला गेलो होतो. पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेचं हे वर्ध्याचं केंद्र. जखमी जनावरं आणि पाखरं तिथं सांभाळतात, हे तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. संक्रांतीला नायलॉन मांजानं पंख कापलेली पाखरं येतात, हात कमी पडतात, म्हणून आम्ही आमची सावंगी सोडून तिकडे गेलो. घारी, बगळे, पारवे दिसतील, रक्त दिसेल, अशी मनाची तयारी केली होती. पण पहिल्याच सकाळी आम्हाला थांबवलं ते एका खोकल्यानं.

कोरडा, लांबलेला, म्हाताऱ्या बाईचा खोकला. शेवटी 'अगं आई गं'. आम्ही वळून पाहिलं तर माणूस नाही. गंजलेला लोखंडी पिंजरा आणि त्यात मिट्ठू. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटलेली, खालची कातडी उघडी. चोच इतकी वाढलेली की दाणा धरता येईना. आणणारी सून तेव्हा तिथंच होती. तिनं सांगितलं, हा सासूबाईंचा राघू. चौदा वर्षं त्यांनी आपल्या हातानं चारला. शेवटची दोन वर्षं त्या खाटेवर होत्या, पिंजरा खाटेशेजारी. त्या गेल्या आणि राघू त्यांच्यासारखा खोकायला लागला. घरातले घाबरले. पोरं रात्री उठून बसत. मग पिंजरा मागच्या गोठ्यात गेला, मग टिनाखाली. पाणी कोणी ठेवायचं याचा नेम राहिला नाही. कोणी त्याला मारलं नाही, उपाशी ठेवावं असंही कोणाच्या मनात नव्हतं. "कोणाचंच काम नव्हतं ते," असं ती म्हणाली.

त्या आठवड्यात आम्ही मांजाची पाखरं धुतली, पुसली, पण घरी आलो ते पिंजऱ्यातल्या पाखरांचा विचार करतच. पुढच्या मासिक बैठकीत एका ताईनं सरळ विचारलं, पोपट पाळणं कायद्यानं गुन्हा आहे म्हणता, मग तो घरोघरी आला कसा? त्या प्रश्नाच्या मागं लागून आम्ही जे वाचलं, विचारलं, ते आज सांगतो.

पोपट बोलतो, हीच त्याची पहिली चूक म्हणायची. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी इराणच्या दरबारात टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्यानं हिंदुस्थानातल्या बोलणाऱ्या पाखराबद्दल लिहून ठेवलंय, की ते हिंदुस्थानी बोलतं आणि शिकवलं तर ग्रीकही बोलेल. पुढं प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहिलं, की याचं डोकं चोचीइतकंच कठीण, म्हणून बोलायला शिकवताना लोखंडी कांबीनं मारतात, नाहीतर त्याला लागतच नाही. इतक्या दूर, इतक्या जुन्या काळात हा छळ कौतुकानं लिहिला गेला.

आपल्याकडे पोपटाला मारत नसत, त्याला घरातलं माणूस करत. संस्कृतात शुकसप्तती म्हणून कथांचा संग्रह आहे, मराठीत त्याची शुकबहात्तरी झाली. गोष्ट अशी: व्यापारी परदेशी जातो, तरुण बायको घरी एकटी, तिचं मन बाहेर ओढ घेतं. घरात पोपट आहे आणि मैना आहे. मैना तिला तोंडावर सुनावते, तर बाई तिची मान मुरगळायला धावते. पोपट हुशार. तो म्हणतो, जा की, पण आधी ही गोष्ट ऐक. अशा सत्तर रात्री जातात, नवरा परत येतो, बाई घरातच. आमच्या बैठकीत ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मावशी हसून म्हणाल्या, म्हणजे पिंजऱ्यातल्यानं उंबऱ्यातलीला राखलं. आम्ही सगळ्या हसलो, आणि थोड्या वेळानं गप्पही झालो. जात्यावरच्या ओव्यांतही राघू-मैना येतात ते लेकराच्या लाडाचं नाव म्हणून. बाईला घराबाहेर फारसं जाता येत नसे, तेव्हा दाराशी टांगलेलं हे बोलणारं हिरवं पाखरू तिची सोबत होतं, हे नाकारून चालणार नाही. आणि न समजता घोकलेल्या बोलण्याला 'पोपटपंची' हे नावही आपणच दिलं.

वावरात मात्र हाच राघू शत्रू. आपल्याकडे जवारी भरपूर असायची त्या काळी कणीस भरलं की बाया-पोरं माळ्यावर बसून राखण करत. गोफण, डबा वाजवणं, हाकारे. पोपटाचा थवा बसला की कणसं कुरतडून अर्धी खाली टाकतो. आता कापूस, सोयाबीन आणि तूर झाली, जवारी कमी झाली, राखणही गेली. ज्या पाखरावर सकाळी गोफण उगारायची त्याच्याच पिल्लाला संध्याकाळी भिजवलेली डाळ भरवायची, असं आपलं दोन्हीकडचं नातं होतं.

पिल्लं यायची झाडाच्या ढोलीतून. गळ्याला गुलाबी-काळा कंठ असलेला, सगळीकडे दिसणारा तो कीर पोपट. कंठ फक्त नराला असतो, तोही दोन-तीन वर्षांचा झाल्यावर, म्हणून 'कंठ फुटला' की राघू आणि नाही फुटला की मैना, असं बाजारात सांगत. वास्तविक मैना हे पाखरू अगदी वेगळं. खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा तो करण पोपट. डोकं जांभळट-लाल ती टोई, जंगलाच्या बाजूला दिसते. वन अधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोश' लिहिला, त्यात पाखरांची मराठी नावं जमवली आहेत. गटाच्या पेटीत एक प्रत असावी असं आम्हाला फार वाटतं.

पिल्लं काढणारे आणि विकणारे म्हटलं की लोक लगेच पारध्यांकडे बोट दाखवतात. इथं थांबायला हवं. फासेपारध्यांची फाशाची विद्या पिढ्यान् पिढ्यांची होती आणि गिऱ्हाईक गावातलं, शहरातलं, कधी दरबारातलं असायचं. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. वीस वर्षांत दुसरा कायदा आला आणि पाखरू पकडणं हा गुन्हा झाला. कायदा बरोबरच होता, पण पकडणाऱ्याला दुसरं काम देणारं कोणी नव्हतं. आणि विकत घेणारे, म्हणजे आपण, आपलं नाव कुठल्याच यादीत आलं नाही. आज वाशीम-अकोल्याकडे याच समाजातले लोक तणमोर नावाच्या दुर्मिळ पक्ष्याला वाचवण्याच्या कामात आहेत. पाखरू कुठं बसतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आता कायद्याचं बघू. पाखरांसाठी पहिला कायदा 1887 चा, नंतरचा 1912 चा. 1912 च्या यादीत कोण होतं? बदक, तितर, लावा, मोर अशी शिकारीची पाखरं. आणि बगळे, नीलपंख, खंड्या. ही शेवटची तीन का? तर पिसांसाठी. विलायतेतल्या बायका टोप्यांवर पिसं लावत आणि त्यासाठी हिंदुस्थानातून पाखरं मारून पिसं जात. पिसांच्या निर्यातीवर 1902 मध्येच बंदी आली होती. गंमत म्हणजे ज्या नीलपंखाचं नाव त्या यादीत होतं, त्यालाच आपल्या वर्धा शहरानं मतदान घेऊन शहरपक्षी निवडलंय. तारेवर बसलेला तपकिरी, उडाला की निळा. पोपट मात्र त्या यादीत नव्हता. तो ना शिकारीचा, ना टोपीचा. तो पिंजऱ्यातला, आणि पिंजऱ्याकडे सरकारनं पाहिलंच नव्हतं.

टोप्यांची ही फॅशन मोडली कोणी? बायकांनीच. 1889 मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन या बाईंनी एक गट काढला. सुरुवातीला सगळ्या सभासद बायकाच. पिसं घालणार नाही एवढीच त्यांची शपथ. आपल्या गटासारखाच गट म्हणा ना. 1921 मध्ये इंग्लंडमध्ये पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा झाला तेव्हा बत्तीस वर्षं उलटली होती. बचत गटाचं खातं दोन वर्षांत हलत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आपण, हा आकडा ऐकून ठेवू.

पिंजऱ्याचा विचार आपल्या देशात कायद्यात आला तोही एका बाईमुळे. रुक्मिणीदेवी अरुंडेल, भरतनाट्यमच्या मोठ्या कलावंत, 1952 मध्ये राज्यसभेवर गेल्या. 1953 मध्ये त्यांनी प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध स्वतःचं विधेयक मांडलं. पंडित नेहरूंनी सरकार कायदा करील असं आश्वासन दिलं आणि 1960 मध्ये तो झाला. त्यात एक साधं कलम आहे. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि प्राणी म्हणजे पाखरूही. आपल्या बाजारातला पोपटाचा पिंजरा डोळ्यासमोर आणा. त्यात त्याला दोन्ही पंख तरी उघडता येतात का?

मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, घरट्यातली अंडी-पिल्लं काढणं, हे सगळं शिकारीत धरलं. तरी परवाना घेऊन काही पाखरांचा धंदा बरीच वर्षं चालू राहिला. पोपट जहाजानं, विमानानं परदेशी जात. ब्रुसेल्स शहरात 1974 मध्ये एका बागेतून चाळीसेक कीर पोपट सोडले, आज तिथं त्यांचे मोठे थवे आहेत. लंडनमध्येही आहेत. अखेर 1990-91 मध्ये देशी पाखरांच्या सगळ्या व्यापारावर बंदी आली. तरी अब्रार अहमद या अभ्यासकानं बाजार फिरून पाहिले तेव्हा सुमारे साडेचारशे जातींची भारतीय पाखरं धंद्यात सापडली. 2022 च्या दुरुस्तीनं दंड वाढून एक लाखापर्यंत गेला, कैद तीन वर्षांपर्यंत. आणि हे ध्यानात ठेवा, कायद्यानं असं पाखरू सरकारची मालमत्ता असतं. 'आमचा राघू' हा शब्दच कागदावर टिकत नाही. 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तर पाखरांना आकाशात उडण्याचा हक्क आहे असं म्हटलं.

तरीही तो ओसरीवर टांगलेला असतो, शाळेच्या रस्त्यावर, दवाखान्याच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. कारण कोणाला तो गुन्हा वाटतच नाही.

हल्ली त्याच्या शेजारी दुसरा पिंजरा आला आहे. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून जी निळी-पिवळी जोडी मिळते ती बहुतेक वेळा बजरी असते. ही ऑस्ट्रेलियाची. जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञानं 1840 मध्ये ती जिवंत इंग्लंडला नेली आणि तिथून पिंजऱ्यातच तिच्या पिढ्या वाढत गेल्या. ही ठेवणं गुन्हा नाही. पण गुन्हा नाही म्हणून हाल नाहीत असं नाही. आमच्या गावात परगावची पुष्कळ मुलं-मुली शिकायला, नोकरीला राहतात. भाड्याच्या खोलीत करमत नाही म्हणून जोडी आणतात. शिक्षण संपतं, खोली सोडायची असते, बसमध्ये पिंजरा कसा न्यायचा? मग घरमालकिणीच्या गळ्यात, नाहीतर गच्चीवर दार उघडून 'जा, उड'. ती जोडी दोन दिवसांत कावळ्याच्या नाहीतर मांजरीच्या तोंडी जाते. तिला इथलं झाड ठाऊक नाही, दाणा ठाऊक नाही. केंद्रावर आलेल्या अशा एका बजरीला आम्ही पाणी पाजलं होतं. संध्याकाळपर्यंत होती.

आता थोडं खाण्याचं, कारण बहुतेक पाखरं आपण प्रेमानंच आजारी पाडतो. हिरवी मिरची, भिजवलेली हरभरा डाळ, सूर्यफुलाच्या बिया, दुधात बुडवलेली पोळी, हे आपलं पोपटाचं ताट. मिरचीनं त्याला काही होत नाही, पाखराला तिखट लागतच नाही. पण नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. त्यानं नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, यकृत बिघडतं. दूध त्याला पचत नाही. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम मिळालं नाही तर हाडं वाकतात, आपल्या पोरांच्या मुडदुसासारखं. चहा, मीठ, चॉकलेट हे तर विषच. त्याऐवजी पेरू, पपई, गाजर, मक्याचं कणीस, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला असं द्यावं. कुरतडायला कडुलिंबाची कोवळी फांदी दिली की चोच झिजते. पिंजऱ्याची घाण उपसताना तोंडाला पदर बांधावा, पोपटाच्या विष्ठेतून माणसाला फुप्फुसाचा ताप येऊ शकतो.

आणि पिसं उपटणं? ते कंटाळ्यानं आणि एकटेपणानंही होतं. पोपट थव्यानं राहणारं पाखरू. पिंजऱ्यात तो वीस-पंचवीस वर्षं जगतो. एवढ्या वर्षांत घरात काय काय होतं ते मोजा. पोरगी लग्न होऊन जाते, पोरगा पुण्याला जातो, म्हातारी जाते, घर पाडून स्लॅबचं होतं. ज्याचा लाडका होता तो माणूस जातो आणि राघू उरतो.

हे सगळं आम्ही बैठकीत सांगितलं. चौदा जणींपैकी तिघींकडे पोपट होते. एकीचा पंख चांगला होता, तिनं तो केंद्रावर दिला. दुसरीनं द्यायचं ठरवलंय, पण नातवाची परीक्षा होऊ द्या म्हणते. तिसऱ्या मावशी मात्र उठून उभ्या राहिल्या. एकट्या असतात. म्हणाल्या, "तुम्ही महिन्यातून एकदा भेटता. तो दिवसातून शंभरदा हाक मारतो. त्याला नेलं तर मला हाक कोण मारील ते सांगा." आमच्यापैकी कोणालाच बोलता आलं नाही. त्यांचा राघू सोळा वर्षांचा आहे. डाव्या पंखाचं हाड लहानपणीच मोडून तसंच जुळलंय, तो आता उडणार नाही. कायदा काय म्हणतो ते आम्ही त्यांना सांगितलं. केंद्रावर तो सांभाळला जाईल हेही सांगितलं. अजून त्या तयार नाहीत. दर शनिवारी आमच्यापैकी एक जण पेरू घेऊन जाते, त्यांच्याशी बोलून येते. हे बरोबर की चूक, यावरून गटात दोन तट आहेत. लिहिताना तरी आम्ही एकच असल्याचं दाखवणार नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या वनविभागानं पोपट पाळणं गुन्हा आहे, ते जमा करा, नाहीतर कारवाई होईल असं कळवलं. एकच गोंधळ उडाला आणि थोड्याच दिवसांत घरातल्या पोपटांवरची कारवाई तूर्त थांबवावी लागली. भीतीपोटी लोक काय करतात ते ठाऊक आहे. रात्री पिंजऱ्याचं दार उघडतात. वर्षानुवर्षं न उडालेल्या पाखराच्या छातीत बळ नसतं. ते कुंपणाशी पडतं. पिसं कापली असतील तर पुढच्या पिसगळीत नवी येतात, त्याला काही महिने मोठ्या जाळीच्या खोलीत उडायचा सराव द्यावा लागतो, इतर पोपटांत मिसळावं लागतं. तेवढं झाल्यावरच सोडायचं. म्हणून कृपा करून स्वतः सोडू नका. वनविभागाचा 1926 हा बिनपैशाचा क्रमांक आहे, त्यावर सांगा किंवा जवळच्या केंद्रात न्या.

खोकणारा राघू आता चोच कापून घेऊन बरा आहे. छातीवर थोडी थोडी पिसं आली आहेत. इतर पोपटांशी अजून बोलत नाही. सून दोनदा येऊन गेली.

आणि शेवटची गोष्ट, घाईची. हा विणीचा हंगाम आहे. आमच्या समाजमंदिरामागच्या जुन्या कडुलिंबाच्या ढोलीत यंदाही जोडी बसली आहे. मादी आत, नर चोचीतून चारा आणून भरवतो. अंडी उबायला तीन आठवडे, पिल्लं उडायला आणखी सात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात टोपलीत झाकून पिल्लं येतील, केसाळ, डोळे नुकते उघडलेली, बघून कोणाचाही जीव जाईल. विकणारा म्हणेल, ताई, घ्या, नाहीतर मरेल. घेऊ नका. आपण एक घेतलं की तो पुढच्या आठवड्यात आणखी चार आणतो. आणि आपल्या घरातली शिडी या दोन महिन्यांत पोरांच्या हाती लागू देऊ नका.